पाइप गॅस : मिश्रण की भेसळ?

शहरांतील घरांना पाइपने मिळणाऱ्या गॅसमध्ये आणि वाहनांच्या सीएनजीमध्ये शुद्ध केलेला बायोगॅस मिसळण्याचे बंधन केंद्र सरकारने गॅस वितरक कंपन्यांवर घातले आहे. २०२५-२६ या वर्षासाठी १ टक्का, २०२६-२७ साठी ३ टक्के, २०२७-२८ साठी ४ टक्के आणि २०२८-२९ पासून पुढे ५ टक्के असे हे प्रमाण ठरले आहे. दुसरीकडे, गुजरातेत सुरतजवळच्या कवास येथील एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग सुरू झाला. सूर्यप्रकाशापासून मिळालेल्या विजेने पाण्याचे विघटन करून हा हायड्रोजन तयार करण्यात आला. आरंभी आकारमानाने ५ टक्के असलेले हे प्रमाण पुढे ८ टक्क्यांपर्यंत गेले आणि टप्प्याटप्प्याने ते २० टक्क्यांवर नेण्याचा मानस जाहीर झाला.

या दोन्ही उपक्रमांचे हेतू स्तुत्य आहेत. भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशांतून जहाजाने येतो. त्यासाठी परकी चलन खर्ची पडते आणि जळल्यावर त्याचा कर्बवायू वातावरणात साचतो. तेव्हा देशातच आणि पुन्हा पुन्हा निर्माण होऊ शकणारा वायू त्यात मिसळावा, या विचाराला कोणी सहसा हरकत घेणार नाही. मात्र टक्केवारी ही मोठी फसवी वस्तू आहे. पाच टक्के, आठ टक्के, वीस टक्के हे आकडे कशाचे, आकारमानाचे की उष्णतेचे, आणि त्यांचा भार ग्राहकाच्या बिलावर कसा पडणार, याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. दोन अगदी भिन्न वायूंना ‘हरित’ या एकाच विशेषणाखाली आणल्याने गोंधळात भरच पडली आहे.

जुनाच प्रयोग

मिश्र वायू घरात जाळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात लंडनपासून मुंबईपर्यंत रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले, त्यांतील वायू दगडी कोळसा तापवून काढलेला असे आणि त्यात साधारण निम्मा भाग हायड्रोजनचा असे. हाँगकाँगमध्ये घरोघरी पुरवल्या जाणाऱ्या गॅसमध्ये आजही हायड्रोजनचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे हायड्रोजन चुलीत जळू शकतो की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर ब्रिटनने कोळशाचा गॅस सोडून देण्याचे ठरवले, तेव्हा १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे ४ कोटी उपकरणांमध्ये फेरफार करावे लागले. कारागीर घरोघर गेले, बर्नर बदलले, जेट बदलले. उपकरण ज्या वायूसाठी घडवलेले असते, त्याच वायूवर ते नीट चालते, हा त्यातला धडा होय. मुंबई-पुण्याच्या गृहिणींनाही तो ठाऊक आहे. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस घरात आला की कंपनीचा माणूस शेगडीचे जेट बदलून जातो. सिलिंडरमधील वायूच्या मानाने पाइपच्या गॅसमध्ये दर घनमीटरला उष्णता बरीच कमी असल्याने छिद्र मोठे करावे लागते. वायू बदलला की छिद्र बदलते, मग मापही बदलायला नको का? लेखाचा मुख्य प्रश्न तोच आहे.

शेगडीचा निर्वाळा

प्रथम बायोगॅसचा विचार करू. शेण, मैला, प्रेसमड, ओला कचरा यांपासून निघणाऱ्या कच्च्या वायूत मिथेन साधारण ५० ते ६५ टक्के असतो. बाकीचा भाग मुख्यतः कर्बवायूचा. शिवाय नळ्या आणि मीटर कुरतडणारा हायड्रोजन सल्फाइड थोडाफार असतोच. म्हणूनच गोबर गॅसची शेगडी वेगळी असते आणि कच्चा वायू शहराच्या वाहिनीत सोडता येत नाही. पण तोच वायू धुऊन, गाळून, कर्बवायू काढून टाकला की उरतो तो मिथेन, आणि नैसर्गिक वायूतील मुख्य घटकही मिथेनच. विहिरीतून आलेला आणि उकिरड्यातून आलेला मिथेन यांत शेगडीला भेद कळत नाही. भारतीय मानकानुसार अशा वायूत किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. एवढी अट पाळली तर जेट, बर्नर, गिझर, मीटर यांपैकी कशालाही हात लावण्याचे कारण नाही.

हायड्रोजनची गोष्ट वेगळी आहे. तो अतिशय हलका आहे आणि त्याची ज्योत मिथेनच्या ज्योतीपेक्षा सातआठपट वेगाने पसरते. प्रमाण वाढले तर ज्योत बर्नरच्या तोंडावर न टिकता आत शिरण्याचा धोका संभवतो. पण प्रमाण मर्यादित असेल तर हलकेपणाचा एक फायदाही होतो. हलका वायू त्याच दाबाखाली त्याच छिद्रातून अधिक वेगाने बाहेर पडतो, त्यामुळे उष्णतेची तूट काही अंशी भरून निघते. २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी शेगडीची आच साधारण ५ टक्क्यांनीच मंदावते. भात शिजायला मिनिटभर अधिक लागेल, इतकाच फरक.

ब्रिटनमधील प्रयोगांनीही हाच निर्वाळा दिला. कील विद्यापीठाच्या आवारात २०१९ ते २०२१ या काळात १०० घरे आणि ३० इमारतींना २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळलेला गॅस पुरवला गेला. त्यानंतर गेट्सहेडजवळच्या विनलटन गावात २०२१-२२ मध्ये ६६८ घरांना तो मिळाला. घरे उबदार ठेवणारे बॉयलर आणि स्वयंपाकाच्या शेगड्या होत्या तशाच चालू राहिल्या. यामागे पूर्वतयारी होती. १९९० च्या दशकापासून युरोपात विकल्या जाणाऱ्या गॅस उपकरणांना २३ टक्के हायड्रोजन असलेल्या चाचणी-वायूवर परीक्षा द्यावी लागते.

भारतातील उपकरणांबाबत इतक्या सहजपणे बोलता येणार नाही. येथील घरांत असंख्य शेगड्या मूळच्या सिलिंडरच्या गॅससाठी घेतलेल्या आणि नंतर जेट बदललेल्या आहेत. कित्येकींची बर्नरची टोपी झिजलेली असते, छिद्रे काजळीने बुजलेली असतात. एका वसाहतीतील देखरेखीखालचा प्रयोग यशस्वी झाला म्हणून लक्षावधी स्वयंपाकघरांना तोच नियम लावणे घाईचे ठरेल. दुसरी अडचण याहून मोठी आहे. ज्या वाहिन्यांतून घरांना गॅस जातो, त्यांतूनच बहुधा सीएनजीच्या पंपांनाही तो जातो. वाहनांतील उच्च ताणबळाच्या पोलादी टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी हायड्रोजनची मर्यादा २ टक्के ठरवली आहे, कारण हायड्रोजन अशा पोलादाला ठिसूळ करतो. घरासाठी ८ टक्के आणि रिक्षासाठी २ टक्के असे दोन वायू एकाच वाहिनीतून वाहू शकत नाहीत. कवासची वसाहत स्वतंत्र असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. शहरात तो पहिल्याच दिवशी उद्भवेल.

उष्णतेचा हिशोब

तंत्रज्ञांचा कौल असा सावधपणे अनुकूल मानला, तरी अर्थशास्त्राचा प्रश्न तेथेच सुरू होतो. एक घनमीटर नैसर्गिक वायूत सुमारे ९००० किलोकॅलरी उष्णता असते. एक घनमीटर हायड्रोजनमध्ये ती २९०० च्या आसपास, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी. आता २० टक्के हायड्रोजनच्या मिश्रणाचा हिशोब करावा. ८० टक्के नैसर्गिक वायूचे ७२०० आणि २० टक्के हायड्रोजनचे ५८० मिळून ७७८० किलोकॅलरी होतात. या उष्णतेत हायड्रोजनचा वाटा साडेसात टक्क्यांच्या आतच राहतो. २० टक्क्यांचा गाजावाजा आणि प्रत्यक्षात नैसर्गिक वायूची बचत सात-साडेसात टक्क्यांची! ८ टक्के मिश्रणात तर ही बचत पावणेतीन टक्क्यांपुरतीच असते.

बचत थोडी असली तरी ती बचतच, असे कोणी म्हणेल. पण याच हिशोबाला दुसरी बाजू आहे. शुद्ध नैसर्गिक वायूच्या ९००० किलोकॅलरींच्या जागी मिश्रणाच्या एका घनमीटरला ७७८० मिळतात, म्हणजे उष्णता साडेतेरा टक्क्यांनी घटते. ८ टक्के मिश्रणात ही घट साडेपाच टक्क्यांच्या जवळपास असते. मुंबई-पुण्यात पाइप गॅसचा दर घनमीटरवर सांगितला जातो आणि मीटरही घनमीटरच मोजतो. महिन्याला १५ घनमीटर गॅस वापरणारे एखादे मध्यमवर्गीय कुटुंब घ्या आणि सोयीसाठी दर घनमीटरला ५० रुपये धरा. ८ टक्के हायड्रोजनच्या मिश्रणात तेवढाच स्वयंपाक करायला त्याला सुमारे १५.८५ घनमीटर लागतील; बिल सुमारे ४३ रुपयांनी वाढेल. २० टक्के मिश्रणात १७.३५ घनमीटर लागतील आणि वाढ ११७ रुपयांच्या घरात जाईल. दर एका पैशानेही वाढलेला नसेल, वर्तमानपत्रात भाववाढीची बातमी आलेली नसेल, आणि तरीही वर्षाकाठी पाचशे ते चौदाशे रुपये खिशातून गेलेले असतील.

दुधात पाणी घातले तर लिटर तेवढाच भरतो; दूध मात्र कमी होते. त्या व्यवहाराला आपल्याकडे मिश्रण म्हणत नाहीत, भेसळ म्हणतात. हायड्रोजन पाण्यासारखा निःसत्त्व नाही, हे खरे. परंतु ग्राहक आकारमान विकत घेत नसतो, उष्णता विकत घेत असतो. उष्णता घटवून आकारमानाचा दर कायम ठेवणे हे मापात मारण्यासारखेच आहे. ब्रिटनमध्ये मीटर घनमीटर मोजत असला तरी बिल उष्णतेच्या एककांत केले जाते. त्या काळात पुरवलेल्या वायूचे उष्णतामूल्य बिलावर छापलेले असते आणि त्यावरून आकारणी होते. यासाठी नवा मीटर बसवावा लागत नाही. वाहिनीच्या तोंडाशी उष्णता मोजणारे यंत्र आणि बिलावर एक जास्तीची ओळ पुरते. मिश्रणाचे बंधन घालताना ही ओळ सक्तीची केली पाहिजे. ९० टक्के मिथेनचा बायोगॅस ५ टक्के मिसळल्यास फरक नगण्य पडेल, हे मान्य. पण एखाद्या भागाला बायोगॅसच्या कारखान्यातून थेट पुरवठा होऊ लागला तर तेथेही दहा टक्क्यांपर्यंत तूट येऊ शकते. नियम दोन्ही वायूंना सारखाच लागू असावा.

कोणता हरित वायू स्वस्त?

मापाचा प्रश्न सुटला तरी मोलाचा उरतोच. घरगुती ग्राहकांसाठी प्राधान्याने राखलेल्या देशी वायूची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २०२५-२६ मध्ये उष्णतेच्या प्रतिदशलक्ष ब्रिटिश एककांना ६.७५ डॉलर होती. रुपयांत हिशोब केला तर घनमीटरला ती २१ रुपयांच्या आसपास येते. वाहतूक, वितरण आणि कर त्यावर. बायोगॅससाठी २०१८ च्या ‘सतत’ योजनेत किलोला ४६ रुपये असा आरंभीचा भाव ठरला होता. एका किलोत सव्वा घनमीटर नैसर्गिक वायूइतकी उष्णता धरली, तर तो ३७ रुपये पडतो. हा भाव पुढे वाढवला गेला, हे ध्यानात ठेवून त्यात आणखी भर घालता येईल. हरित हायड्रोजनचा भाव तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या २०२५ मधील निविदांत किलोला ३०० ते ४०० रुपयांच्या दरम्यान होता. एका किलो हायड्रोजनची उष्णता पावणेचार घनमीटर नैसर्गिक वायूइतकी; तेव्हा त्याच उष्णतेला ८० ते १०५ रुपये पडतात.

हेच आकडे त्याच कुटुंबाच्या बिलाला लावून पाहावेत. पाच टक्के बायोगॅसमुळे महिन्याला सुमारे १२ रुपये वाढतील आणि नैसर्गिक वायूची पाच टक्के बचत होईल. २० टक्के हायड्रोजनमुळे, उष्णतेचा हिशोब प्रामाणिकपणे केला तरी, सुमारे ८० रुपये वाढतील आणि बचत साडेसात टक्क्यांची. दर एक टक्का बचतीमागे हायड्रोजन चौपटीहून अधिक महाग पडतो. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरखर्चात बारा रुपये निभावतील. ऐंशी रुपये कशासाठी द्यायचे, हे त्याला कोणी तरी समजावून सांगावे लागेल.

हायड्रोजनच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. मागणी निर्माण झाल्याशिवाय उद्योग उभा राहत नाही आणि उत्पादन वाढल्याशिवाय किंमत उतरत नाही. म्हणून घरगुती गॅसने हा आरंभीचा भार उचलावा. युक्तिवादाचा पूर्वार्ध योग्य आहे, उत्तरार्ध नाही. हायड्रोजनला मागणी नाही, असे मुळी नाहीच. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण कारखाने मिळून भारतात दरवर्षी ५० लाख टनांहून अधिक हायड्रोजन वापरला जातो आणि तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच काढला जातो. ट्रॉम्बे आणि थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने अमोनियासाठी हेच करतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढायला साडेचार ते पाच घनमीटर वायू लागतो. म्हणजे एक किलो हरित हायड्रोजन खत कारखान्याला दिला तर साडेचार ते पाच घनमीटर वायू वाचतो. तोच शेगडीत जाळला तर पावणेचारच वाचतो. तेथे बर्नर बदलण्याची, सीएनजीच्या टाक्यांची, बिलाच्या मापाची कोणतीच कटकट नाही. जेथे हायड्रोजन हायड्रोजन म्हणूनच लागतो, ती गिऱ्हाइके सोडून जेथे केवळ आच हवी तेथे तो नेणे म्हणजे चंदन सरपणाला लावणे होय.

आणि केवळ आचच हवी असेल, तर एक किलो हायड्रोजन बनवायला जी ५० हून अधिक युनिटे वीज लागते, ती थेट इंडक्शनच्या शेगडीला दिली तर भांड्याला दुपटीहून अधिक उष्णता पोहोचते. विजेचा गॅस करायचा आणि गॅसची पुन्हा उष्णता करायची, या उलाढालीत प्रत्येक टप्प्यावर काही ना काही गळतेच.

बायोगॅसची खरी अडचण

तेव्हा घरगुती गॅससाठी निवड करायची तर ती बायोगॅसचीच, हे उघड आहे. तथापि बायोगॅसचा मार्गही निष्कंटक नाही. या क्षेत्रात भारत काही नवखा नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळवून तो वापरला गेला होता. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबर गॅस खेडोपाडी नेला. परंतु ‘सतत’ योजनेने २०२३ पर्यंत ५००० कारखान्यांचे जे लक्ष्य ठेवले होते, त्यापैकी २०२५ पर्यंत शंभराच्या आसपासच प्रत्यक्ष चालू झाले.

हे अपयश यंत्रांचे नाही. इंदूरच्या कारखान्यात २०२२ पासून दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन १७ टन वायू काढण्याची सोय आहे. तेथे घरोघरी कचरा वेगळा केला जातो म्हणून हे साधले. ज्या शहरांत ओले आणि सुके एकाच गाडीत पडते, तेथे यंत्र आणून उपयोग नाही. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांजवळ प्रेसमड आहे, पण तो हंगामातच निघतो; उरलेले महिने यंत्राला काय खाऊ घालायचे, याची तजवीज करावी लागते. वायू काढून उरलेले खत शेतकऱ्याने घेतले नाही तर कारखान्याचा ताळेबंद जुळत नाही, आणि अनुदानित युरिया शेजारच्या दुकानात स्वस्त मिळत असता तो ते सहजी घेत नाही. डेन्मार्कमध्ये गॅसच्या एकूण वापरात बायोगॅसचा वाटा २०२३ च्या सुमारास ४० टक्क्यांपर्यंत गेला. पण त्यामागे अनेक वर्षांचे सरकारी अर्थसाहाय्य, गुराढोरांचे संघटित गोठे आणि दीर्घ मुदतीचे खरेदी करार होते. केवळ मिश्रणाची टक्केवारी जाहीर करून वायू निर्माण होत नसतो.

बंधन आहे पण वायू नाही, अशी स्थिती झाली तर मिळेल तो वायू मिळेल त्या भावाने घेण्याची पाळी वितरकांवर येईल आणि तो भाव शेवटी ग्राहकाच्याच माथी बसेल. शहराचा कचरा हटणे, शेताला खत मिळणे, परकी चलन वाचणे या लाभांचे धनी साऱ्या समाजातले लोक आहेत. मग त्याचा सगळा खर्च पाइप गॅस आणि सीएनजी वापरणाऱ्यांनीच का सोसावा? त्याचा काही भाग नगरपालिकांनी कचरा विल्हेवाटीच्या खर्चातून आणि सरकारने खतांच्या अनुदानातून उचलणे न्याय्य ठरेल.

ब्रिटनच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मिश्रणाचे प्रयोग शांतपणे पार पडले. पण व्हिटबी या गावाला संपूर्णपणे हायड्रोजनवर नेण्याची योजना जुलै २०२३ मध्ये रहिवाशांच्या विरोधापुढे सोडून द्यावी लागली. आपल्या घरात काय जळणार आणि त्याचे काय मोल द्यावे लागणार, हे लोकांना आधी कळले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती.

भारतीय ग्राहकाचीही तेवढीच मागणी असावी. बिलावर घनमीटरबरोबर उष्णतामूल्य छापावे आणि आकारणी उष्णतेवर करावी. मिश्रणात कोणता वायू किती आणि त्यामुळे दर किती वाढला, हे त्याच बिलावर वेगळे दाखवावे. हायड्रोजन आधी खत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांना द्यावा. घरगुती वाहिनीत तो आणण्यापूर्वी वापरातल्या जुन्या शेगड्यांची आणि सीएनजीच्या टाक्यांची रीतसर परीक्षा व्हावी. यांतील कोणत्याच गोष्टीला नवे तंत्र किंवा मोठे भांडवल लागत नाही. नियामक मंडळाने एक परिपत्रक काढले तरी सुरुवात होऊ शकते. २०२८-२९ चे पाच टक्के येण्यापूर्वी ते निघाले, तर मिश्रणाला मिश्रण म्हणता येईल.